खाऱ्या वाऱ्यात टिकेल अशी बॅटरी द्या

प्रति,
किनारपट्टीच्या गावांसाठी बॅटऱ्यांच्या निविदा ज्यांच्या टेबलावर तयार होतात आणि ज्यांच्या सहीने मंजूर होतात, ते सर्व साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

मी वेंगुर्ले तालुक्यात बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान चालवतो. सव्वीस वर्षं झाली. रस्त्याला लागून दोन गाळे, पुढे विक्री, मागे चार्जिंगचा ओटा. एक जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि त्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे येतात. दोन महिने त्या ओट्यावर रांगेने बसतात. मी आलटून पालटून त्यांना चार्ज देतो, पाणी बघतो, टर्मिनलवरचा पांढरा-निळा थर खाण्याच्या सोड्याने आणि गरम पाण्याने धुतो, वर व्हॅसलीन लावतो आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास त्या ज्याच्या त्याला परत करतो. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की खारा वारा बॅटरीचं काय करतो, हे मला कुठल्या अहवालात वाचावं लागत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या कार्यालयाची नवी निविदा वाचली. आरोग्य उपकेंद्रं, शाळा आणि वादळात लोकांना हलवायच्या इमारतींवर सौर पॅनल आणि सोबत बॅटरी. योजना चांगली आहे, गरजेची आहे. पण तीन ओळी खटकल्या. बॅटरी "फक्त लिथियम-आयन प्रकारची" असावी. काम सर्वात कमी दराच्या बोलीला. हमी दोन वर्षं. निविदापूर्व बैठकीला मी एका ठेकेदाराबरोबर गेलो होतो. मागच्या खुर्चीवरून एकाने विचारलं, सोडियमची बॅटरी चालेल का. उत्तर आलं, अटीत नाही. मी विचारलं, बॅटरीच्या डब्याला खाऱ्या धुक्याची चाचणी लावणार का. उत्तर तेच. मग चहा आला.

तोंडी विचारून उत्तर मिळालं नाही, म्हणून लिहून विचारतोय. आणि उघड लिहितोय, कारण पैसा लोकांचा आहे आणि अंधारात बसणारेही तेच आहेत.

मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, त्या रात्री आमच्याकडचे खांब काड्यांसारखे पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रातून सिस्टरांचा फोन आला. लसींचा फ्रीज, करोनाचे दिवस, जनरेटरला डिझेल आणायला रस्ता नाही. शिशाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या टेम्पोत घातल्या. एकेक पंचावन्न-साठ किलोची. वाटेत आडवा पडलेला माड लागला, तिथून पुढे दोघा-दोघांनी उचलून नेल्या. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडची गावं कित्येक आठवडे अंधारात ठेवली होती. तेव्हा कोकणात बॅटरी ही हौस राहिलेली नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता गाऱ्हाणी. पहिलं सविस्तर सांगतो, कारण ते अजून माझ्या मागच्या खोलीत पडलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी एका योजनेतून खाडीकाठच्या एका गावात जेटीवर चौदा सौर दिवे लागले. प्रत्येक खांबावर एक डबा, डब्यात लिथियमची बॅटरी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यातले नऊ दिवे बंद झाले. सरपंचांनी मला बोलावलं. शिडी लावून पहिला डबा खाली घेतला. स्क्रू गंजून एवढे फुगलेले की छिन्नीने तोडावे लागले. झाकणाचं रबर एका कोपऱ्यात दुमडलेलं, कारखान्यातच तसं बसलेलं. आत चार सेल. मीटर लावला तर चारही सेल तीन व्होल्टच्या वर. म्हणजे बॅटरी जिवंत. मेला होता तो तिच्यावरचा बोर्ड, सेल सांभाळणारा बीएमएस. तांब्याच्या रेघांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज, एका जोडाला बोट लावलं तर तो सुटून हातात आला. नऊच्या नऊ डब्यांत थोड्याफार फरकाने हीच गोष्ट. पुरवठादाराला फोन केला. बोर्ड सुटा मिळत नाही, पूर्ण युनिट घ्या, हमी संपली. खाली एक म्हातारे तांडेल विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "खांबार दिवो लावल्यानी, पण त्येका वाली कोण?"

काही शे रुपयांच्या बोर्डापायी चांगले सेल भंगारात. याला लिथियमचा दोष म्हणत नाही मी. हा निविदेचा दोष आहे. सौर पॅनलसाठी खाऱ्या धुक्याची आयईसी 61701 ही आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी आहे आणि ती आपल्या अटींत असते. इलेक्ट्रॉनिक सामानासाठी तशीच आयईसी 60068-2-52 आहे. ती मात्र बॅटरीच्या डब्याला लावलेली नसते. पॅनल काच आणि ॲल्युमिनियमचं, ते तसंही तग धरतं. मरतो तो डबा.

दुसरं गाऱ्हाणं "लिथियम-आयन" या शब्दाचं. हा शब्द "मासे" म्हणण्यासारखा आहे. कुठला मासा? निकेल-कोबाल्टवाली बॅटरी वेगळी, लोह-फॉस्फेटवाली वेगळी. पहिली हलकी, पण तापली तर लवकर भडकते, आणि तिच्यातला कोबाल्ट साधारण 70 टक्के एकट्या काँगोतून येतो. फेब्रुवारी 2025 मध्ये काँगोने त्याची निर्यातच थांबवली होती. दुसरीत कोबाल्ट नाही, निकेल नाही. ती जड आहे पण शांत आहे, आणि शाळेच्या भिंतीवरच्या बॅटरीचं वजन कोण उचलून फिरणार आहे? आपल्या अटीत दोन्ही बसतात. कोणी जुन्या गाड्यांचे काढलेले सेल भरून आणले तरी तेही बसतील.

मी लिथियमचा वैरी नाही, हेही सांगून टाकतो. हिशोब साधा आहे. दीडशे अँपिअरची 12 व्होल्टची ट्यूब्युलर कागदावर 1.8 युनिट साठवते, पण जपायची असेल तर निम्मंच काढायचं, म्हणजे 0.9. शंभर अँपिअरची लोह-फॉस्फेटवाली 1.28 युनिट साठवते आणि त्यातलं एक युनिट आरामात देते. वजन बारा किलोच्या आसपास. चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या काही पटींनी जास्त. उन्हाळ्यात पत्र्याखाली शिशाची बॅटरी किती लवकर म्हातारी होते ते मी रोज बघतो. आज माझ्या भावाला घरासाठी सल्ला द्यायचा झाला तर लोह-फॉस्फेटच सांगेन.

पण घरासाठी सल्ला देणं वेगळं आणि अख्ख्या किनाऱ्याची पुढच्या दहा वर्षांची खरेदी एकाच मालावर बांधून टाकणं वेगळं. इथे तिसरं गाऱ्हाणं येतं, भावाचं.

लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत दर युनिट साठवणीमागे साधारण 600 ग्रॅम लिथियम कार्बोनेट जातं. चीनच्या बाजारात 2022 च्या अखेरीला त्याचा भाव टनाला सहा लाख युआनच्या घरात होता. म्हणजे नुसत्या त्या 600 ग्रॅमचे चार हजार रुपयांहून जास्त. 2025 मध्ये तोच भाव सत्तर हजार युआनच्याही खाली जाऊन आला, म्हणजे पाचशेच्या आत. तीन वर्षांत हा फरक! भाव चढला त्या वर्षी ग्राहक मला विचारत होते, दुप्पट कसं काय सांगता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण निविदा काढता तेव्हा भाव खाली असला की लिथियम स्वस्त दिसतं. पाच वर्षांनी बदलायची वेळ येईल तेव्हा भाव कुठे असेल हे आज कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासीत लिथियम सापडल्याच्या बातमीने आमच्या बाजारपेठेत पेढे वाटायचे बाकी राहिले होते. पुढे त्या खाणीच्या लिलावाला पुरेसे बोलीदारच मिळाले नाहीत. लिथियमचं शुद्धीकरण बहुतांशी चीनकडे, त्या बॅटरीला लागणारं ग्रॅफाइटही त्यांच्याकडेच, आणि डिसेंबर 2023 पासून ग्रॅफाइट बाहेर पाठवायला त्यांनी परवाना लावलाय. एकाच खलाशाच्या भरवशावर आपण होडी समुद्रात घालत नाही.

मग सोडियम का नको, हा माझा प्रश्न.

आमच्या दारात समुद्र आहे. त्याचं एक लिटर पाणी घेतलं तर त्यात जवळपास 11 ग्रॅम सोडियम असतं. लिथियम असतं एक मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी. शिरोड्याची मिठागरं माझ्या दुकानापासून लांब नाहीत. 1930 साली तिथे सत्याग्रह झाला तो मिठावरच्या करापायी. आणि गंमत बघा, 22 सप्टेंबर 2025 पर्यंत लिथियमच्या बॅटरीवर जीएसटी 18 टक्के होता आणि बाकी सगळ्यांवर, शिसं असो की सोडियम, 28. नवं काही आणू बघणाऱ्यालाच दहा टक्के जादा दंड. आता सगळ्यांना 18 झाला, त्याबद्दल ज्यांनी केलं त्यांचे आभार. कराची भिंत पडली, निविदेतली मात्र उभीच आहे.

सोडियमची बढाई मी मारणार नाही. सोडियमचा अणू लिथियमच्या तिप्पट जड, त्यामुळे बॅटरी मोठी आणि वजनदार होते. लिथियमचा भाव कोसळल्यावर सोडियमचे सेल लोह-फॉस्फेटपेक्षा स्वस्त पडतात असंही म्हणता येईनासं झालं. अमेरिकेत सोडियमच्या बॅटऱ्या करणारी नॅट्रॉन ही कंपनी सप्टेंबर 2025 मध्ये बंद पडली. मीठ फुकट असलं तरी बॅटरी फुकट होत नाही. तांदूळ घरचा असला म्हणून घावणे होत नाहीत, बिडाचा तवा लागतो आणि हात बसावा लागतो. थंड प्रदेशात ही बॅटरी उत्तम चालते असं तिचे विक्रेते आवर्जून सांगतात. वेंगुर्ल्यात ते ऐकून काय करायचं ते मला कळलेलं नाही.

पण तिची एक खोड आमच्या फार कामाची आहे. लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला तांब्याची पातळ पट्टी असते. सेल पूर्ण रिकामा होऊन तसाच पडला तर ते तांबं विरघळू लागतं आणि सेल बाद होतो. सोडियमच्या सेलमध्ये दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. ते तांब्याहून स्वस्त, आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवता येतो, तसाच ट्रकमधून नेता येतो. शिशाची रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसून ती मरते. आता माझ्या ओट्यावरचे जून-जुलै आठवा. दोन महिने बंद पडून राहणारी होडीची बॅटरी, मे महिनाभर कुलूप असलेली शाळा, वर्षातून एकदाच उघडणारी निवाऱ्याची इमारत. कोकणातल्या अर्ध्या बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, विसरून मरतात. विसरल्यावरही जगेल अशी बॅटरी असेल तर ती निदान आजमावून बघायला हवी ना?

अडचणही सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की बॅटरीवाल्याने लपवलं. सोडियमचा व्होल्टेज भरलेला असताना आणि रिकामा होताना फार वर-खाली होतो. आजचे बहुतेक इन्व्हर्टर एवढा फरक सोसत नाहीत, मध्येच "लो बॅटरी" म्हणून ओरडून बंद होतात आणि आत वीज शिल्लक राहते. म्हणजे इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडीनेच घ्यावी लागेल. हे तालुक्यातल्या कोणत्याही मेकॅनिकने सांगितलं असतं. विचारायला हवं होतं.

आणि नारळ. सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट शिरत नाही, म्हणून या बॅटरीला हार्ड कार्बन नावाचा वेगळा कोळसा लागतो, ज्याचे थर विस्कटलेले असतात. सोडियमच्या बॅटरीत मीठ स्वस्त आहे, महाग आहे तो हा कोळसा. तो ज्या ज्या वस्तूंपासून करतात त्यांत नारळाची करवंटी आहे. नुसती जाळून भागत नाही. हवा न लागता हजार अंशांच्या पुष्कळ वर तापवायची, राखेतले क्षार धुऊन काढायचे, मग त्याची एकसारखी भुकटी. हे काम चुलीवर होणारं नाही. पण आमच्याकडे करवंट्या पाणी तापवायला जातात, उरलेल्या पावसात डास पाळतात. रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयनचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यात पुण्याच्याच आयसर या विज्ञान संस्थेचे संशोधक होते. ब्रिटनची फॅरेडियन ही सोडियमवाली कंपनी तर रिलायन्सने कधीच विकत घेतली आहे. माणसं घाटाच्या वर आहेत, करवंट्या घाटाच्या खाली. मधला घाट कोणी उतरायचा, एवढंच ठरायचं राहिलंय.

शिशाबद्दल थोडक्यात, कारण हल्ली त्याला हसायची पद्धत पडली आहे. शिशाची बॅटरी मेली की भंगारवाला दारात येतो, वजन करतो, पैसे मोजतो. शिसं पुन्हा वितळतं, पुन्हा बॅटरी होते. परवान्याशिवाय कुठेतरी उघड्यावर वितळवलं तर ते विष आहे, हे खरं. पण साखळी आहे. लिथियमच्या मेलेल्या डब्याला तोच भंगारवाला हात लावत नाही, "पेटता म्हणे" म्हणतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. नियम ऑगस्ट 2022 चे. आमच्या तालुक्यात त्या नियमाची गाडी अजून मी पाहिलेली नाही. लोह-फॉस्फेटच्या कचऱ्यात ना कोबाल्ट ना निकेल, त्यामुळे तो उचलण्यात कोणाला फार पैसा दिसत नाही. अशा वेळी तर अटीतच लिहावं लागतं.

तर मागण्या या.

निविदेतून बॅटरीच्या प्रकाराचं नाव काढा. काय हवं ते लिहा: रोज किती युनिट, किती वर्षं, किती तापमानात, बंद खोलीत किती महिने पडून राहिली तरी चालली पाहिजे. मग लिथियम येवो, सोडियम येवो, कोणी जस्ताची आणो. जे पुरं पाडेल ते घ्या. लिथियमच घ्यायचं ठरलं तर लोह-फॉस्फेट असं स्पष्ट लिहा, आणि सेल नवे असल्याचा पुरावा मागा.

दर बॅटरीच्या किमतीवर ठरवू नका. ती आयुष्यभरात जेवढी वीज साठवून परत देईल, त्यातल्या एका युनिटला किती पडले, यावर ठरवा. सर्वात कमी दर तेव्हाही बघा, फक्त योग्य ठिकाणी बघा.

समुद्रापासून काही किलोमीटरच्या आत लागणाऱ्या प्रत्येक डब्याला खाऱ्या धुक्याची चाचणी सक्तीची करा, बोर्डावर संरक्षक थर मागा. बोर्ड, फ्यूज आणि रबर सुटे मिळतील आणि ते पाच वर्षं तालुक्याच्या ठिकाणी ठेवले जातील, अशी अट घाला. दुरुस्ती स्थानिक मेकॅनिकला करू द्या. त्याने डबा उघडला की हमी रद्द, हे कलम काढून टाका. आमच्यातल्या कोणाला शिकायचं असेल तर दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवा, आम्ही स्वतःच्या खर्चाने येऊ.

या खेपेच्या कामातल्या थोड्या तरी इमारती सोडियमसाठी बाजूला ठेवा. मोठा आकडा मागत नाही. दोन-चार शाळा, एक निवारा, एक जेटी. जोडीचा इन्व्हर्टर द्या, दोन पावसाळे जाऊ द्या आणि जे आकडे येतील ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वाईट आले तरी लावा. करवंटीच्या कोळशाचं काय होऊ शकतं, हे भाट्ये, दापोली आणि पुण्याच्या मंडळींना एकत्र बसवून एकदा तपासून घ्या.

आणि जुन्या बॅटऱ्या उचलण्याचा खर्च व तारीख पुरवठ्याच्या करारातच लिहा. शेवटचं बिल त्याशिवाय देऊ नका.

यातली शेवटची मागणी आजच पुरी करता येण्यासारखी आहे. जेटीवरचे ते नऊ डबे माझ्या मागच्या खोलीत एका लाकडी फळीवर आहेत. टर्मिनलना टेप लावलाय, खाली वाळू पसरली आहे, रोज रात्री दुकान बंद करताना एकदा हात लावून गरम नाहीत ना ते बघतो. ग्रामपंचायत म्हणते तुम्हीच ठेवा, पुरवठादार फोन उचलत नाही. एक जूनला होड्यांच्या बॅटऱ्या येतील तेव्हा मला ती जागा लागेल. त्याआधी गाडी पाठवा. पत्ता आपल्या कार्यालयात दिलेल्या अर्जावर आहे.

आपला,
वेंगुर्ले तालुक्यातला एक बॅटरीवाला